संपादक मंडळ

"ही आमची टायपिस्ट. आम्ही सांगतो, ही टाईप करते."

गट चालवणारे सर पाहुण्यांना सांगत होते. वर्ध्यातल्या एका कॉलेजचा हॉल. लिनक्स ही फुकट वाटता येणारी संगणक-प्रणाली वापरणाऱ्या आमच्या गटाची वार्षिक सभा. मी दाराशी लिनक्सच्या सीड्या वाटत होते. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांच्या हातात गटाचं मासिक बातमीपत्र होतं. त्यांनी एवढंच विचारलं होतं, "हे लिहितं कोण? फार सोपं लिहिलंय."

सर हसले. म्हणाले, "आदिवासी आहे. पण हात चांगला आहे हो तिचा."

पाहुण्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मीही पाहिलं. मग पुढच्या माणसाला सीडी दिली.

राग आला नाही. काहीच आलं नाही. उरलेल्या सीड्या खोक्यात भरल्या, सतरंजी झटकली, नालवाडीतल्या माझ्या भाड्याच्या खोलीवर आले.

मी वडनेरची. आईबाप मजुरीला. घरात गोंडी, गल्लीत वऱ्हाडी, मराठी शाळेत शिकले. टायपिंग झालं, वर्ध्यात छपाईच्या दुकानात कॉम्प्युटरवर लागले. तिथूनच सरांनी गटात नेलं.

दोन वर्षं ते बातमीपत्र मी लिहिलं. दर रविवारी लिनक्सवरची जगभरची इंग्रजी बातमीपत्रं डिक्शनरी घेऊन वाचायची. नवीन काय आलं, कोणता प्रिंटर चालतो, पडद्यावर 'वर्धा'तला रफार भलत्या अक्षरावर का जातो, सगळं मराठीत लिहायची. या प्रणालीचा नियमही मीच समजावून लिहिला होता: घ्या, बदला, वाटा, पण ज्यानं केलं त्याचं नाव पुसू नका.

शेवटी 'संपादक मंडळ' म्हणून चार नावं यायची, सरांचं आणि आणखी तिघांचं. त्यात मी नव्हते. ती चार नावंही मीच टाईप करायची. तोवर मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. हे आठवलं की अजून सुन्न होते.

त्या आठवड्यात गावी गेले. आईनं विचारलं, "काऊन अशी गुमसुम बसून राह्यली वं?"

"काई नाई," म्हटलं. काय सांगणार होते?

पुढच्या रविवारी गटाच्या खोलीत गेले. चौघंही होते. सर म्हणाले, "या महिन्याचा मजकूर?"

मी कॉम्प्युटर लावला. बोटं कीबोर्डवर ठेवली. "सांगा सर. मी टाईप करतो."

"म्हणजे?"

"तुमी सांगता, मी टाईप करतो. सांगा."

सर उभे राहिले. घसा खाकरला. "नवी आवृत्ती आली आहे. ती, अं, जुनीपेक्षा चांगली आहे."

मी 'अं'सकट टाईप केलं. थांबले. पंखा फिरत होता. बाकीचे तिघं पडद्याकडे बघत होते.

"डोक्यात हवा गेली का? तुला इथे आणलं कोणी?"

"सायकलनं आलो, सर."

दोन ओळींचा कागद छापून टेबलावर ठेवला आणि निघाले.

त्या महिन्याचं बातमीपत्र मी दुकानातून लिहिलं, सगळ्या सभासदांना मेलनं पाठवलं. सरांनी सगळ्यांना कळवलं की हे गटाचं नाही. मग गटाच्या मेल-यादीतून मला काढलं. ज्यांना माझं बातमीपत्र हवं होतं त्यांनी माझ्याकडे मेलचे पत्ते पाठवले. थोडे होते.

आता बातमी मी लिहिते, मतही मीच लिहिते. चूक निघाली तर तीही माझीच. खाली पूर्ण नाव असतं, आडनावासकट. ते आडनाव वाचून ज्याला पान बाजूला ठेवायचं असेल त्यानं ठेवावं. मी ते गाळणार नाही.