सात टाके

सावेडीत पंक्चर काढण्यात रायभान साळवेचं आयुष्य गेलं. गिऱ्हाइकाचं नाव तो विसरायचा, पण हाताखालून गेलेला टायर कधी विसरायचा नाही. म्हणूनच सायकलवाल्या मंडळींनी साठी उलटलेल्या रायभानला नेवाशाकडच्या सहलीत सोबत घेतलं. वाटेत नेमका त्याचाच मागचा टायर चिरला. टाकून देणं जिवावर आलं, तेव्हा शिव्या घालत त्याने तो जाड दोऱ्याने शिवला. सात टाके पडले.

सहलीचा शेवटचा मुक्काम सरदारांचा जुना महाल. रायभानने सायकलला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि मंडळींच्या मागून आत शिरला. रखवालदाराने मोठ्या दालनाचा दरवाजा खांद्याने रेटला.

"पंधरा वर्सांत आज पयल्यांदा उघडतोय," तो म्हणाला.

आत बोटभर पांढरी धूळ होती. तिच्यातून एका सायकलचा माग सरळ समोरच्या भिंतीपर्यंत गेला होता. रायभान वाकला. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला सात टाके उमटले होते.

"सायकल कुनाची आली असंल हो आत?" रखवालदार पुटपुटला.

रायभान धावत बाहेर आला. सायकल जागेवर होती, कुलूपही लावलेलं होतं. मागच्या टायरच्या टाक्याटाक्यांत पांढरी धूळ भरली होती.