अव्वाचा वरवंटा आणि अप्पांचा ट्रक

अप्पांच्या ट्रकखाली मी शिरलो तेव्हा डिफरन्शियलबद्दल मला एकच गोष्ट खात्रीने ठाऊक होती, ती म्हणजे ते मागे असतं.

बाकीचं ज्ञान मोबाइलवरच्या व्हिडिओतून आलेलं होतं. व्हिडिओतला माणूस हसत हसत पाना फिरवायचा, जुनं सील काढायचा, नवं ठोकून बसवायचा आणि शेवटी हात जोडून नमस्कार करायचा. माझं उदगीरात मोबाइलच्या कव्हरांचं दुकान. काचेवर फिल्म चिकटवताना एकही बुडबुडा राहू देत नाही, अशी माझी ख्याती आहे. तेवढ्या भांडवलावर मी ट्रकला हात घातला.

अप्पा म्हणजे माझे वडील. मोंढ्यातून तूर, हरभरा आणि सोयाबीन वाहण्यात त्यांचं आयुष्य गेलं, तेही स्वतःच्या गाडीवर. दिवाळी झाली आणि त्यांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. ज्या तोंडाने त्यांनी औशापासून भोकरपर्यंतच्या हमालांना शिव्या घातल्या, त्या तोंडात एकच शब्द शिल्लक राहिला. तो म्हणजे "हाव". पाणी पाहिजे का? हाव. नको का? हाव. दुखतंय का, बरं वाटतंय का, दिवा मालवू का, सगळ्याला हाव. लातूरच्या डॉक्टरांनी आम्हाला घरी पाठवलं आणि मला जरा बाजूला घेऊन सांगितलं की दुसरा झटका आला तर आटोपलंच म्हणून समजा, त्यांची काही इच्छा असेल तर पुरी करून घ्या.

त्यानंतर आमच्याकडे पाहुण्यांची रीघ लागली. लोक अप्पांकडे बघून हळहळायचे, पोहे खायचे आणि चपला घालताना मला हळूच विचारायचे, "मग, काय म्हनायलेत डॉक्टर? कधी?" जसा काही मी मुहूर्त काढून ठेवला होता! एक मावसकाका तर येतानाच नवंकोरं पांढरं धोतर घेऊन आले. ते कशासाठी, हे त्यांना कुणी विचारलं नाही. अव्वाने (माझ्या आईने) ते मुकाट्याने ट्रंकेत टाकलं, आणि त्यांना दुसरा चहा काही विचारला नाही.

अप्पांची इच्छा मात्र अव्वाला बरोबर कळली. ते बाजेवर पडल्या पडल्या डाव्या हाताने आधी दारातल्या ट्रककडे बोट दाखवायचे आणि मग शेताच्या दिशेला. अव्वा म्हणाली, "येळवसला न्या म्हनायलेत."

येळवस म्हणजे आमच्याकडची मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी अख्ख्या लातूर जिल्ह्यात घरात माणूस सापडत नाही. सगळे आपापल्या शेतात जातात, कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, करून पूजा करतात, भज्जी, उंडे, भाकरी खातात आणि मडकंभर आंबील पितात. अप्पांनी आजवर एकही येळवस चुकवली नव्हती. भाडं कुठलंही असो, त्या दिवशी त्यांचा ट्रक भाऊबंद भरून आमच्याच शेताकडे जायचा. आता मी रिक्षा आणतो म्हटलं तर त्यांनी डोळे मिटून घेतले. जीप आणतो म्हटलं तर तोंड भिंतीकडे केलं. जायचं तर स्वतःच्या गाडीत, हे स्पष्ट होतं. आणि ही येळवस चुकली तर पुढची नाही, हेही घरात सगळ्यांना कळत होतं.

अडचण एवढीच होती की गाडीच्या मागच्या दोन चाकांच्या मधला तो लोखंडी गोळा, म्हणजेच डिफरन्शियल, पुढच्या तोंडातून तेल गाळत होतं. तिथलं सील गेलं होतं. दारात तेलाचा काळा डाग रोज वाढत चालला होता. मेकॅनिकने नवं सील आणून ठेवायला सांगितलं, येळवसच्या आदल्या दिवशी येतो म्हणाला, आणि स्वतःच्या येळवसची तयारी करायला गावी निघून गेला. अमावास्येच्या तोंडावर गाडीचं काम काढणारा माणूस फार तर पुण्याहून आलेला असू शकतो. मी तर इथेच जन्मलोय.

अव्वाचं म्हणणं सरळ होतं. "वरून तेल वत अन् चल. शेत काय मुंबईला हाय का?"

यात अक्षरही चूक नव्हतं. पण मी ऐकलं नाही, आणि का ऐकलं नाही ते सांगून टाकतो. अप्पांना माझ्या दुकानाचं कधी कौतुक नव्हतं. लोखंडाला हात न लावता पोट भरणारा माणूस त्यांच्या हिशेबी आजारीच. ते जायच्या आत त्यांच्या गाडीचं एक तरी काम माझ्या हातून व्हावं आणि ते त्यांनी डोळ्यांनी बघावं, एवढं मला पाहिजे होतं. बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, मग आरसे पुसून दे की.

तर येळवसच्या दिवशी सकाळीच मी कामाला लागलो. गल्लीच्या खालच्या टोकाच्या मन्मथकाकांना बोलावलं आणि दोघांनी मिळून अप्पांना उचलून ट्रकच्या केबिनमध्ये ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं. तिथे बसल्यावर ते शांत झाले. मफलर गुंडाळून, डावा हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत राहिले. आमची गल्ली उताराची आहे. म्हणून मी गाडी गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक ओढला आणि आणखी खबरदारी म्हणून मागच्या चाकाला दगड लावायचं ठरवलं. दगड शोधायला कंटाळा आला. दारात पाटा-वरवंटा होता, त्यातला वरवंटा उचलून चाकाखाली सरकवला. (चाक गोल, वरवंटाही गोल. हे त्या क्षणी मला खटकलं नाही.)

मी खाली शिरलो आणि खालूनच अप्पांना विचारत विचारत काम सुरू केलं. गिअरबॉक्सपासून मागच्या गोळ्यापर्यंत एक लांब शाफ्ट जातो, तो मागून सोडल्याशिवाय सीलपर्यंत हात पोचत नाही.

"अप्पा, शाफ्टचे बोल्ट खोलू का?"

"हाव."

पहिला बोल्ट सुटला. दुसरा सुटला. सुटलेला शाफ्ट डोक्यात पडू नये म्हणून मी आधीच तो तारेने चासीला बांधून ठेवला होता, आणि त्या दिवसातलं माझं शहाणपण तेवढ्यावर संपलं. तिसऱ्या बोल्टला वरून पुन्हा आवाज आला, "हाव, हाव." मग हॉर्न वाजला. मग सारखं हाव आणि सारखा हॉर्न. बापाने उभ्या जन्मात मला एवढं प्रोत्साहन दिलं नव्हतं. त्या तेलकट अंधारात माझे डोळे भरून आले. मी ओरडून सांगितलं, "व्हायलंय अप्पा, एकच राहिला!"

आता, जे अप्पा जिवाच्या आकांताने सांगत होते ते असं. गाडी गिअरमध्ये असते तेव्हा इंजिन मागच्या चाकांना धरून ठेवतं, ते त्या शाफ्टमधून. आणि आमच्या त्या जुन्या गाडीचा हँडब्रेकही चाकांना धरत नाही, तो त्याच शाफ्टला धरतो. शाफ्ट सुटला की गिअर आणि हँडब्रेक दोन्ही नुसते शोभेचे. मग उतारावरच्या ट्रकला आणि खालच्या गल्लीला वेगळं ठेवणारी वस्तू एकच उरते, ती म्हणजे अव्वाचा वरवंटा.

नेमकी त्याच वेळी अव्वाला लसूण वाटायची होती. मला गाडीखालून तिचे पाय दिसले. ते चाकापाशी थांबले.

"सणाच्या दिवशी माझा वरवंटा चाकाखाली? अक्कल हाय का न्हाई तुला?"

गाडी अजून शेवटच्या बोल्टवर तोलून होती, त्यामुळे वरवंट्यावर भार नव्हता. तो तिच्या हातात अलगद आला. पाय निघून गेले. मला वाटलं, नंतर समजूत काढू. आणि मी शेवटचा बोल्ट खोलला.

गाडी मागे निघाली. घाईने नाही, अगदी रुबाबात निघाली. मी उताणा होतो. आधी गिअरबॉक्स माझ्यावरून गेला, मग इंजिन गेलं, मग पुढचा आक्सल शर्टाचं बटण तोडून गेला, आणि मग मला आभाळ दिसलं. स्वच्छ, निळं आणि भयंकर मोकळं. त्या आभाळाखाली पडून मी एवढाच विचार करू शकलो की मी माझ्या आजारी बापाला ट्रकमध्ये घालून गल्लीत सोडून दिलंय. डॉक्टरांनी दुसरा झटका म्हटलं होतं, त्यांच्या डोक्यात हा नसणार.

उठून बघतो तर ट्रक उलटा उतरत चाललेला, आणि अप्पा डाव्या बाजूच्या आरशात बघत एका हाताने स्टिअरिंग फिरवत होते. विजेचा खांब त्यांनी चुकवला. सायकली चुकवल्या. गल्लीतले लोक घाईघाईने आपापली गाठोडी घेऊन ओट्यांवर चढले. खाली जिथे गल्ली सपाट होते तिथे अप्पांनी डाव्या पायाने ब्रेक दाबला असावा, कारण ट्रक हळू होत होत मन्मथकाकांच्या फाटकापुढे आडवा उभा राहिला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मी अनवाणी धावत गेलो, पायऱ्यांवर चढून केबिनचं दार उघडलं आणि रडायलाच लागलो. अप्पा माझ्याकडे बघत होते. त्यांचं अर्धं तोंड हसत होतं. अर्धंच हसू शकत होतं, पण आजारपणानंतर ते पहिल्यांदाच हसताना दिसले.

मन्मथकाकांना मात्र हसू येत नव्हतं. त्यांचा ट्रॅक्टर फाटकाच्या आत अडकला होता. "आता येळवस काय गल्लीतच करू का मी?" असं ते मला म्हणाले आणि पुढे जे म्हणाले ते सणाच्या दिवशी म्हणू नये. मी शाफ्ट परत जोडून देतो म्हटलं, तर बोल्ट गटारीत गेले होते. गल्लीतल्या माणसांनी ढकलून ट्रक बाजूला केला. (चाकं इतकी मोकळी होती की चार माणसांत सरकला. एवढं काम मी चोख केलं होतं.) मग आम्ही अप्पांना खाली उतरवायला गेलो. त्यांनी स्टिअरिंग असं धरलं होतं की बोटं सुटेनात.

अव्वा लसणाच्या हातानेच खाली आली होती. तिने अप्पांकडे पाहिलं, ट्रॅक्टरकडे पाहिलं आणि मन्मथकाकांना म्हणाली, "भावजी, त्यांना नका उतरवू. गाडी बांधा ट्रॅक्टरला."

मी म्हटलं, हे अशक्य आहे, निदान स्टिअरिंगवर मी बसतो. अप्पांनी माझ्याकडे मान वळवली, "हाव" म्हणाले आणि अंगठ्याने मागचा हौदा दाखवला. या एका वेळेला त्या शब्दाचा अर्थ सगळ्या गल्लीला कळला.

मग अप्पांनी चावी फिरवली. इंजिन सुरू असलं की ब्रेक हलका लागतो, हे त्यांना ठाऊक होतं. पुढे ट्रॅक्टर, मधे जाड दोर, मागे घुरघुरणारा ट्रक. इंजिन चालू, चाकंही चालू आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. अव्वा अप्पांच्या शेजारी बसली. रस्त्यात शेताकडे चाललेल्या ओळखीच्या माणसांना अप्पा हॉर्न देत होते. मागे रस्त्यावर तेलाची बारीक रेघ उमटत होती आणि नवं सील माझ्या खिशात होतं.

शेतात अप्पांनी केबिनमध्ये बसूनच पूजा पाहिली. अव्वाने त्यांना वाटीने आंबील पाजली. निम्मी मफलरवर सांडली, निम्मी पोटात गेली. आसपासच्या शेतांतली माणसं येऊन त्यांच्या पाया पडून गेली. इतका खूश झालेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

पुढची अमावास्या त्यांनी पाहिली नाही. आमच्यात माणसाला बसवून मातीला नेतात आणि पुरतात. त्याच शेतात त्यांना ठेवलं. ट्रंकेतलं धोतर लागलं, आणि मावसकाका बिचारे कोपऱ्यात खाली मान घालून उभे होते.

मातीला आलेल्या प्रत्येकाच्या तोंडी येळवसच होती. दोघातिघांनी सांगेपर्यंत गोष्टीतला दोर गळाला. मग ट्रॅक्टरही गळाला. शेवटी तर असं झालं की अर्धं अंग गेलेल्या अप्पांनी एका हाताने भरलेला ट्रक शेतापर्यंत पळवला, रस्त्यातल्या दोन एसट्यांनाही मागे टाकलं. मी कुणाचं खोडून काढलं नाही. उलट ऐकायला मला बरं वाटत होतं. मग देगलूरकडच्या एका म्हाताऱ्या पाहुण्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "अन् तू रे? एकुलता एक लेक. तू त्या वक्ताला काय करायलतास?"

मी डोळे पुसले आणि म्हटलं, "आंबिलीचं मडकं धरून मागं हौद्यात बसलो होतो."