ओवाळणीतली बाग

दोन हजार पाचच्या सुमाराला न्यूझीलंडमधल्या टौरंगात आमच्या ओळखीत जमीन असलेला एकच मराठी माणूस होता. नवऱ्याच्या ऑफिसातला सहकारी, पुण्याचाच. त्याला बहीण नव्हती, म्हणून भाऊबीजेला मी त्याला ओवाळलं. खिशात हात न घालता तो म्हणाला, "ताई, पाकीट काय द्यायचं? किवीची मागची अर्धी बाग तुझी. कॉटेज रिकामंच आहे, राहायलाच या."

आम्ही भाड्याचं घर सोडून गेलो. कागद करायचं मनातसुद्धा आलं नाही. ओवाळणीची पावती कुठली बहीण मागते?

मी हॉस्पिटलात फार्मसिस्ट, नवरा कम्प्युटरवाला. शेतीचा अनुभव कुंडीतल्या कढीलिंबापुरता. किवीच्या वेली मांडवावर चढवलेल्या असतात, छाटणी हात वर करून करायची. पहिल्या हिवाळ्यात माझी मान अशी आखडली की पेशंटच माझी चौकशी करायचे. काही वेली फळच धरत नाहीत म्हणून त्या ऐतखाऊंना कापायला मी करवत घेऊन निघाले, तर कुंपणापलीकडचा म्हातारा शेतकरी ओरडत धावत आला. त्या नर वेली होत्या. त्यांच्याशिवाय बागेत एक फळ लागलं नसतं.

हळूहळू शिकलो. फुलोऱ्यात मधमाश्यांच्या पेट्या आल्या की पांढरे कपडे बाहेर वाळत घालायचे नाहीत, त्यांच्या विष्ठेचे पिवळे ठिपके पडतात, हेही कळलं. दुसऱ्या वर्षी मांडवाखाली फळं इतकी लोंबली की वाकून चालावं लागायचं. मला ते वाकणं फार आवडायचं. ही माझी जमीन, असं मी आयुष्यात पहिल्यांदाच म्हणत होते.

तोडणीच्या आधी म्हाताऱ्याने कुंपणावरून विचारलं, नवे मालक कॉटेज पाडणार म्हणे, मग तुम्ही कुठे जाणार? मला वाटलं, त्याचीच काहीतरी गल्लत झालीय.

रविवारी भाऊ नेहमीसारखा जेवायला आला. मी सरळ विचारलं.

"हो ताई, सांगणारच होतो. ऑफर एकदम झकास, स्वीट ॲज होती. त्यांना जमिनीचा सगळा ब्लॉक एकत्र हवा होता."

"आणि माझी अर्धी बाग?"

"अगं, भाऊबीजेला माणूस बोलतो काहीतरी! ते कुणी सीरियसली घेतं का?"

दोन वर्षं ह्या माणसाने आम्हाला वेली बांधताना पाहिलं होतं, वर कौतुकही केलं होतं. केसाने गळा कापला त्याने, आणि तोही माझ्या घरी जेवता जेवता. छे, माझं घर तरी कुठलं!

त्याला चार शब्द सुनावायला मी तोंड उघडलं. त्याच्या ताटातली पोळी संपली होती. बोलायच्या आधी माझ्या हाताने त्याला दुसरी वाढली. त्याने ती खाल्ली, हात धुतले आणि गेला. बाग गेल्याचा राग कधीतरी ओसरला. त्या पोळीचा नाही.