मशीन का बंद केलं?

मंडळी, दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितोय. मी डहाणूत डोळ्यांचा डॉक्टर आहे.

उधवा गावच्या लाडकीआजींचा मोतीबिंदू आज काढला. "भात झोडून झालं की जाऊ" म्हणत त्यांनी चार हंगाम घालवले. तोवर तो तपकिरी, दगडासारखा कडक झाला. असा मोतीबिंदू जरा मोठा छेद घेऊन हाताने अख्खा काढलेला बरा. मशीनने फोडत बसलं, तर उष्णतेने बुबुळ कायमचं धुरकट होऊ शकतं.

पण वापीला कंपनीत कामाला असलेला त्यांचा मुलगा हटूनच बसला. "डॉक्टर, मशीनचंच करा. शेजाऱ्यांचं तसंच झालंय. आईला काय कमी करायचं नाय." मी मान डोलावली.

मशीन लावल्यावर पाच मिनिटांत कळलं, हा फुटायचा नाही. मशीन बंद केलं, छेद वाढवला आणि हाताने काढला.

भूल फक्त डोळ्यापुरती होती. आजींनी विचारलं, "डाक्टर, मशीन का बंद झाली?"

"होतच आलंय, आजी," मी म्हणालो.

बाहेर मुलाने विचारलं, "मशीनचंच झालं ना?"

"हो, लावलं होतं," म्हणून मी सटकणार, तेवढ्यात डोळ्याला पट्टी बांधलेल्या आजी म्हणाल्या, "मशीन थकली रं. मंग यांनी हातानं काढला."

पट्टी उद्या सकाळी सोडायची आहे; बुबुळ धुरकट झालंय का, ते तेव्हाच कळेल. तोवर चैन पडणार नाही.

खरं सांगा, मी आधीच "हातानेच करू" म्हटलं असतं, तर मला जुनाट समजून तुम्ही आईला घेऊन उठला असता का? मी त्याच भीतीने मशीन लावलं.