उत्तरेकडची 'बुस'

परदेशातल्या माझ्या ऑफिसाजवळ, हार्बरफ्रंटच्या बसस्टॉपवर संध्याकाळी एक म्हातारा इंग्रज भेटायचा. आयुष्यभर जहाजांवर इंजिनिअर होता. जमिनीवरही पाय फाकवूनच उभा राहायचा. 'बस'ला तो 'बुस' म्हणायचा. एकदा लंडनचा एक गृहस्थ त्यावर हसला. म्हातारा मान ताठ करून म्हणाला, "आमच्या उत्तरेकडे बुसच म्हणतात. माझी आईही म्हणायची. मग चूक कशी?"

मी मालवणचा. ऑफिसातले पुणेकर हसतील म्हणून त्यांच्यासमोर घरचा फोनही प्रमाण मराठीत घ्यायचो. त्या दिवशी ते पुणेकर स्टॉपवर शेजारीच उभे असताना आईचा फोन आला. मी मोठ्याने विचारलं, "आये, जेवलंस मां?"

आई हसून म्हणाली, "कितक्या दिवसांनी आपल्यासारखो बोललंस रे झिला!"