घाटे राखणारा बिबट्या

आमच्या गावात कोणतं जनावर कधी दिसेल, हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. पेरण्या झाल्या की रोही, म्हणजे नीलगायी, येतात, मक्याला कणसं धरली की रानडुकरं. मोर तर घरचेच. बिबट्या मात्र हिवाळ्यात, आमच्या हरभऱ्याला घाटे भरले की दिसतो, आणि तोही फक्त आमच्या ह्यांना.

मी मलकापूरची. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी त्या बिबट्याच्या भीतीने अंधार पडल्यावर अंगणातसुद्धा पाऊल टाकलं नव्हतं. मग हळूहळू कळलं. आमचं वावर सोनाळ्याच्या वाटेवर. येणारा-जाणारा हरभऱ्याचा डहाळा उपटतो आणि घाटे खात पुढे जातो. रोज कोणाकोणाशी भांडायचं? त्यापेक्षा बिबट्या बरा. सातपुडा समोरच उभा असल्याने लोकांनाही ते पटतं.

गेल्या हिवाळ्यात ह्यांनी हद्दच केली. गावाच्या ग्रुपवर बिबट्याचा फोटोच टाकला, 'आपल्या वावरात, आज सकाळी' असं लिहून. फोटोत बिबट्याच्या मागे देवदारांची रांग होती. सोनाळ्याकडे देवदार कधी उगवले, हे कोणीही विचारलं नाही. त्या दिवसापासून हरभऱ्याकडे चिटपाखरू फिरकेना आणि हे वाटेवरूनच पिकावर नजर टाकून मिशीला पीळ देत हिंडू लागले.

मग आभाळ आलं. हरभऱ्याला लागूनच आमची कपाशी, शेवटच्या वेचणीचा कापूस फुटून पांढराशुभ्र झालेला. पाऊस पडला असता तर सगळा मातीत गेला असता. वेचणाऱ्या बाया शेजारच्या काकू जमवून आणतात. हे सकाळीच त्यांच्या दारात गेले, मी मागोमाग, खरं सांगायचं तर मजा बघायला.

"आमी काऊन येऊ भाऊ?" काकू म्हणाल्या. "तुमीच त सांगतलं, वासराएवढा हाय म्हनून."

"मी नीट पाह्यलं ना काकू, कुत्रा होता तो."

"फोटोत त बिबट होता."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं.

शेवटी ठरलं असं, की ह्यांनी डबा वाजवत पुढे चालायचं, सगळं वावर फिरून दाखवायचं आणि मगच बाया कपाशीत शिरणार. हे तेलाचा रिकामा डबा बडवत निघाले. मागे पदर खोचलेल्या बाया, सगळ्यांत मागे मी. कपाशी झाली, बांध झाला, हरभरा आला. तिथे डबा थांबला.

वाटेकडची एक पट्टी तेवढी हिरवी होती. आतला हरभरा मात्र जागोजाग उपटलेला. बोरीखाली डहाळे भाजल्याची राख, आणि भोवती टरफलांचा सडा.

मला एकदम आठवलं. पंधरवडाभर काकू दर दोन दिवसांनी मला वाटीभर सोले, हरभऱ्याचे सोललेले ओले दाणे, आणून देत होत्या. मी सोलेभात करत होते, आणि हे बोटं चाटत म्हणत होते, काकूंच्या घरच्या सोल्यांची चवच न्यारी.

काकू राखेकडे पाहत शांतपणे म्हणाल्या, "बिबट दिसत नाई भाऊ. पन येऊन गेला वाटते."

एक बाई पदरात तोंड घालून खोकू लागली. ह्यांचे कान लाल झाले. तोंड उघडलं, आभाळाकडे पाहिलं, कपाशीकडे पाहिलं आणि मिटलं.

"लागा कामाले," एवढंच म्हणाले.

दिवस मावळायच्या आत कापूस घरात आला. पाऊस नंतर पडला, आणि मला मनापासून हायसं वाटलं. त्या रात्री मी सोलेभात वाढला. ह्यांनी तो खाल्ला, पण चवीबद्दल अवाक्षर काढलं नाही.

यंदाही घाटे भरायला लागले. ह्यांनी बिबट्याचं नावही घेतलं नाही. परवा सकाळी काकू रिकामी वाटी हातात घेऊन अंगणात आल्या आणि ह्यांना म्हणाल्या,

"भाऊ, हरभऱ्याकडं जाऊ नका बरं. काल आमाले बिबट दिसला."