दुरुस्त केलेला आशीर्वाद

नोकरीतली बहुतेक प्रकरणं मी निवृत्तीच्या दिवशी पोलीस ठाण्यातच ठेवून आलो. हे एक मात्र माझ्याबरोबर घरी आलं. यात खून नाही, दरोडा नाही, वर्तमानपत्रात याच्या दोन ओळीही छापून आल्या नाहीत. तरीही एखाद्या लग्नात रुखवत मांडलेलं दिसलं की मला ते जोडपं आठवतं आणि जेवणावरची वासना उडते.

तेव्हा मी डोंबिवलीत पोलीस निरीक्षक होतो. सकाळपासून शीळफाट्याच्या रस्त्यावर बंदोबस्ताला उभा राहून आलो होतो, डोकं तापलेलं होतं, आणि ठाणे अंमलदार सांगत आला की इंटरनेटची तक्रार घेऊन कोणी आलंय. त्या काळात रोज अशा दोन-चार तक्रारी यायच्या. कोणाचं खातं चोरलं, कोणाचा फोटो कोणी लावला. मला त्यांचा कंटाळा यायचा, हे लपवण्यात अर्थ नाही.

आत आले ते पती-पत्नी. बाई पंचेचाळिशीच्या, पती एका खासगी शाळेत मराठीचे शिक्षक. आमच्या ठाण्यातल्या दोन शिपायांना त्यांनी शिकवलेलं होतं, त्यामुळे "सर, बसा सर" सुरू झालं. बाईंना कोणी बसा म्हटलं नाही. त्यांनी भिंतीजवळची खुर्ची स्वतःच ओढून घेतली.

बाई रुखवत करायच्या. सुपारीचे नवरा-नवरी, खडीसाखरेचं तुळशीवृंदावन, डाळींनी भरलेला सप्तपदीचा देखावा. आधी फक्त ओळखीत करायच्या. मग मुलीच्या जुन्या लॅपटॉपवर व्हिडिओ बघून बघून त्यांनी स्वतःची वेबसाइट तयार केली आणि ती होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरवर चढवली. ठाण्यापासून बदलापूरपर्यंतची लग्नघरं त्यांना फोन करू लागली. आणि आता कोणीतरी त्या साइटचं पहिलं पान काढून तिथे भलताच मजकूर टाकला होता. बाईंनी तो मोबाइलवर माझ्यासमोर धरला, पण स्वतः वाचला नाही.

"या बाईंचे लक्ष आता कामात राहिलेले नाही. त्या कोणाकडे आणि कशासाठी जातात, हे ज्याचे त्याने समजून घ्यावे. ऑर्डर देण्यापूर्वी विचार करावा."

तीन वाक्यं. लग्नघरांना रुखवत देणाऱ्या बाईची अब्रू घालवायला तेवढी पुरेशी होती. कल्याणच्या एका घराने दिलेलं काम परत घेतलं होतं. सोसायटीतल्या बायका जिन्यात भेटल्या की बोलणं थांबवत होत्या. कॉलेजात जाणाऱ्या मुलीने तर आईला विचारलंच होतं की हे काय आहे. बाई हे सांगताना रडल्या नाहीत, पण हातातली पिशवी सतत घडी करत होत्या आणि उलगडत होत्या.

मी जरा वैतागूनच विचारलं की साइट चढवली म्हणजे नेमकं काय केलं. बाई सावरून बसल्या.

"साहेब, रुखवत आपण घरी करतो. पण घरात ठेवून कोण बघणार? हॉलवर नेऊन मांडावं लागतं. तसंच हे. साइट मी घरी केली. सर्व्हर म्हणजे भाड्याने घेतलेला हॉल. अपलोड करायचं म्हणजे तिकडे नेऊन मांडायचं."

"आणि हॉलची किल्ली?"

"पासवर्ड. तो फक्त माझ्याकडे."

पहिल्यांदा सगळं फोल्डरसकट चढवलं होतं म्हणे, त्यामुळे साइटच्या जागी नुसती फाइलींची नावं दिसायला लागली होती. ते सांगताना त्यांना त्याही परिस्थितीत हसू आलं. मला विषय प्रथमच नीट कळला आणि बाईंबद्दल आदर वाटला. सहज म्हणून मी सरांकडे बघितलं. बायको पोलीस अधिकाऱ्याला इतकं सोपं करून सांगत असताना नवऱ्याच्या चेहऱ्यावर थोडा तरी अभिमान दिसतो. हे गृहस्थ छताचा पंखा बघत होते. "ही हल्ली सगळ्यांनाच शिकवते," एवढंच म्हणाले.

अर्ज लिहून घेताना सरांनी आमच्या अंमलदाराला दोनदा अडवलं. "सूचना"तला सू दीर्घ, आणि "पूर्ण"मधला पूसुद्धा. अंमलदार तीस वर्षं ऱ्हस्व-दीर्घाची पर्वा न करता पंचनामे लिहीत आला होता. त्याने माझ्याकडे बघून डोळे फिरवले आणि मुकाट्याने खाडाखोड केली.

निघताना बाई पुढे गेल्या आणि सर मागे रेंगाळले. आवाज खाली आणून म्हणाले, "साहेब, कल्याणला तो कम्प्युटर क्लासवाला आहे. ही त्याला सारखी फोन करते. मी काही म्हणत नाही. तुम्ही बघा काय ते."

माझा अनुभव असा की "मी काही म्हणत नाही" असं म्हणणाऱ्याचं सगळं म्हणून झालेलं असतं. पण नवऱ्याने नाव घेतलंय तर तपासणं भाग होतं.

क्लासवाल्याला बोलावून घेतलं. तिशीचा मुलगा, स्टेशनजवळ एका खोलीत क्लास चालवायचा. ठाण्याची पायरी चढतानाच त्याला घाम फुटला होता. हवालदाराने आवाज चढवला, मीही त्याला बराच वेळ उभं ठेवलं. त्याचं म्हणणं एकच होतं.

"साहेब, मी फक्त डोमेन, म्हणजे साइटचं नाव, कुठून घ्यायचं ते सांगितलेलं. बाकी ताईंनी स्वतः केलं. खरं सांगू? मी जळलेलो. माझ्या बॅचमध्ये इंजिनिअर पोरं बसतात, त्यांना अजून साइट लाइव्ह करता येत नाही, आणि ह्या एका आठवड्यात करून मोकळ्या."

त्याचा फोन बघितला. ताईंचे सगळे मेसेज फाइल चढत का नाही, फोटो उलटा का दिसतो, असलेच. प्रत्येक मेसेजच्या शेवटी "धन्यवाद सर". एवढंच होतं त्यात.

मग विठ्ठलवाडीची एक बाई. ही आणि आमच्या फिर्यादी बाई पूर्वी मिळून रुखवत करायच्या, नंतर फाटलं. तिला मी विचारण्याआधीच तिने कमरेवर हात ठेवला.

"हो, जळते मी तिच्यावर. का नाही जळणार? सुपारीचा नवरा कसा करायचा ते तिला मी शिकवलेलं. आता तिचा फोन वाजतो आणि माझा नाही. पण साहेब, ती साइट बंद पाडायला मला आधी उघडता तरी यायला पाहिजे ना?"

मी तिला चहा पाजून परत पाठवलं. जो माणूस पोलिसासमोर "मी जळतो" असं मोकळेपणी कबूल करतो, त्याची जळजळ बोलण्यातच निघून जाते. धोका असतो तो हसत हसत "मला कौतुकच आहे" म्हणणाऱ्याचा.

होस्टिंग कंपनीला पत्र पाठवलं होतं. त्यांचं उत्तर आलं की सर्व्हरवर कुठलीही घुसखोरी झालेली नाही. बरोबर पासवर्ड टाकून कोणीतरी आत आलं होतं, आणि एकदा नाही, अनेकदा. म्हणजे कुलूप फोडलेलं नव्हतं, किल्ली लावली होती. माणूस जवळचा होता.

आमच्याकडे सायबरचं काम एक महिला हवालदार बघायच्या. त्यांनी बाईंना लॅपटॉप घेऊन बोलावलं. सर्व्हरवरची पानं उतरवून घेतली आणि बाईंच्या मूळ पानांशेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडली. मी शेजारी खुर्ची टाकून बसलो होतो. पहिलं पान सोडून बाकी सगळं सारखं असणार असं आम्ही धरून चाललो होतो.

बाई मध्येच थांबल्या. "हे मी असं नव्हतं लिहिलेलं."

त्यांनी लिहिलं होतं "वडिलधाऱ्यांचे आशिर्वाद". सर्व्हरवर होतं "वडीलधाऱ्यांचे आशीर्वाद". पुढे "ऑर्डरसाठी सुचना" होतं, तिथे "सूचना" झालं होतं. "उज्वल"ला राहिलेला अर्धा ज मिळाला होता. आतल्या सगळ्या पानांवर हेच. फाइलींच्या तारखा बघितल्या तर आतली पानं आधी दुरुस्त झाली होती आणि पहिलं पान बऱ्याच दिवसांनी बदललं होतं. घर फोडायला आलेला माणूस आधी केर काढून जातो, असं माझ्या नोकरीत मी कधी पाहिलं नव्हतं.

मी पुन्हा ती तीन वाक्यं वाचली. "राहिलेले नाही". "समजून घ्यावे". भिंतीवर घाण लिहिणारा माणूस असं लिहीत नाही. त्याला स्वल्पविराम माहीत नसतो.

बाईंना काय समजलं ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी लॅपटॉप मिटला नाही. मी अंमलदाराला सरांना बोलावून घ्यायला सांगितलं.

सर शाळेतून परस्पर आले, बोटांना खडू तसाच होता. क्लासवाल्याला अटक झाली का, हा त्यांचा पहिला प्रश्न. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. आवाज चढवायचा माझा स्वभाव आहे, पण त्या दिवशी चढवला नाही. एकच गोष्ट विचारली.

"सर, पान बिघडवायचंच होतं, तर आतला आशीर्वाद का दुरुस्त केलात?"

त्यांनी नाही म्हणायला तोंड उघडलं. मग स्क्रीनवर शेजारी शेजारी ठेवलेली ती दोन पानं बघितली. हाडाचे शिक्षक, चुकीच्या शब्दावर नजर अडकलीच. म्हणाले, "चुकीचं तसंच ठेवायचं कसं? लोक काय म्हणतील, सरांच्या घरात असं लिहितात?"

त्यानंतर ते आपणहून बोलत राहिले. सुरुवातीला खरंच फक्त शुद्धलेखन सुधारायला गेले होते. तिला सांगितलं नाही, कारण तिने विचारलं नव्हतं. एवढी साइट केली आणि एकदाही "अहो, जरा बघता का" म्हणाली नाही, हे त्यांना बोचलं होतं. पूर्वी अख्ख्या सोसायटीच्या लग्नपत्रिका त्यांच्याकडे तपासायला यायच्या. लोक पेढे घेऊन यायचे, दिवाणखान्यात बसायचे, सर सांगतील तो शब्द शेवटचा. हल्ली पत्रिका मोबाइलवरच तयार होतात. आता दाराची बेल वाजली की दार ते उघडायचे आणि आलेला माणूस त्यांच्या खांद्यावरून आत बघत विचारायचा, "ताई आहेत का?"

"वीस वर्षं त्या दारावर माझ्या नावाची पाटी आहे साहेब," ते म्हणाले. "आणि मी माझ्याच घरात दार उघडणारा गडी झालो."

साइटवर लोकांनी लिहिलेले अभिप्राय ते रोज वाचायचे. सुंदर काम, ताई. तुमच्या हातात जादू आहे, ताई. वाचून झोप यायची नाही. त्यात क्लासवाल्याचाही एक अभिप्राय होता, की अशी विद्यार्थिनी मिळायला भाग्य लागतं. त्या एका ओळीने त्यांच्या डोक्यात नको ते भरलं. खरंच संशय होता का, असं मी विचारलं. म्हणाले की नव्हता. पण तसं असतं तर बरं झालं असतं, असं वाटायचं. म्हणजे राग यायला कारण तरी मिळालं असतं.

इतक्या वर्षांत मी अनेक कबुलीजबाब घेतले. इतका खरा क्वचितच ऐकला. तरी मला त्यांची कीव आली नाही. स्वतःची पाटी लहान झाली म्हणून बायकोच्या चारित्र्यावर चिखल टाकणारा, आणि वर एका गरीब पोराला पोलिसात उभं करणारा माणूस होता तो.

बाई इतका वेळ तिथेच बसल्या होत्या. मी सरांना पासवर्ड कसा मिळाला हे विचारलं. उत्तर बाईंनी दिलं.

"त्यांचंच नाव ठेवलेलं, साहेब."

महिला हवालदार उगाचच उठून खिडकी लावून आल्या.

मग मी तेच केलं जे आमच्यापैकी प्रत्येक जण अशा वेळी करतो. खुर्ची पुढे ओढली, आवाज मऊ केला आणि बाईंना म्हणालो की ताई, शेवटी घरचा मामला आहे. सरांची नोकरी आहे, मुलीचं लग्न व्हायचंय. ते माफी मागतील, लेखी देतील. विचार करा. गुन्हा दाखल करायचा का?

बाईंनी नवऱ्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघून अगदी शांतपणे विचारलं, "साहेब, हे त्या क्लासवाल्याने केलेलं निघालं असतं, तर तुम्ही मला हे विचारलं असतंत?"

त्याने केलं असतं तर एव्हाना तो कोठडीबाहेरच्या बाकावर बसलेला असता आणि अंमलदाराने अर्धा गुन्हा लिहून काढला असता.

मी अंमलदाराला आत बोलावलं आणि गुन्हा नोंदवायला सांगितलं. बाईंनी फिर्याद पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली, वाचून घेतली आणि सही केली. सर समोरच बसले होते. या वेळी त्यांनी अंमलदाराला कुठेही अडवलं नाही. गुन्हा जामीनपात्र होता, सोपस्कार होऊन संध्याकाळी ते सुटले. बाई त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत, मुलीला बोलावून घेऊन कल्याणला भावाकडे गेल्या. जाण्यापूर्वी त्यांनी माझ्याच टेबलावर लॅपटॉप ठेवून जुनं पहिलं पान पुन्हा चढवलं आणि पासवर्ड बदलला. नवीन काय ठेवला ते कोणी विचारलं नाही.

पुढे ते प्रकरण कोर्टात आपसात मिटलं. बाईंची अट होती की सरांनी क्लासमध्ये जाऊन, सगळी मुलं बसलेली असताना त्या क्लासवाल्याची माफी मागावी. सरांनी मागितली. ती दोघं परत एका घरात राहू लागली असं नंतर कानावर आलं, पण कशी राहतात ते मला माहीत नाही, आणि ते विचारायचा मला अधिकारही नाही.

मत्सर लांबच्या माणसाचा होत नाही. समोरच्या टॉवरमध्ये कोट्यधीश राहायला आला तर आपण मान वर करून बघतो आणि पुढे जातो. पण ज्याच्या ताटात आपण रोज वाढलेलं बघतो, त्याला एक घास जास्त मिळाला की सहन होत नाही. हे मला नोकरीत आधीही ठाऊक होतं. त्या बाईंनी शिकवलं ते वेगळं. घरातल्या माणसाने केलेल्या घावाला आपण पोलीसच "मामला" म्हणतो आणि बाहेरच्याने केला तर "गुन्हा". त्यानंतर निवृत्त होईपर्यंत फिर्यादी आणि आरोपी एकाच घरातले आले की मी आधी अंमलदाराला लिहायला बसवायचो, आणि मगच चहा मागवायचो.